न दुखणारी जखम

माझा बाप जंगलात आरा ओढायचा. ठेकेदाराच्या कूपात, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलात, सागाचा ओंडका उंच मांडवावर चढवायचे. एक माणूस वर, एक खाली, आणि दिवस मावळेपर्यंत फळ्या कापायच्या. बाप खालचा माणूस. लाकडाचा सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत जायचा. चाळिशीच्या आतच त्याची नजर गेली आणि घर मायवर आलं. ती धानाच्या रोवणीला जायची, उन्हाळ्यात मोह वेचायची, तेंदूची पानं तोडायची. घरात सहा तोंडं. भात सणासुदीला. एरवी कणीची पातळ पेज, मीठ, आणि बरा दिवस असला तर लाखोळीची डाळ. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की आमचं गाव बेट व्हायचं. डोंगा बंद, बाजार बंद. घरात जे असेल त्यावर राहायचं.

हे रडगाणं नाही. त्या घरातून मी नागपूरला जाऊन बी.ए. झालो आणि तालुक्याच्या गावी हायस्कुलात मास्तर झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दुसरीच्या पुढे गेलं नव्हतं. याचा मला गर्व होता, अजून आहे. तो लपवून लिहिलं तर पुढचं काही समजणार नाही.

कोंबडीचं पीस

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. एक दिवस शाळेत सरकारी डॉक्टर आले. मुलांच्या अंगावर डाग आहेत का ते बघायचे होते. पोरं शर्ट काढायला तयार होईनात. मी म्हटलं, यात लाजायचं काय, आणि सगळ्या वर्गासमोर आधी माझाच शर्ट काढला. बी.ए. झालेल्या माणसानं उदाहरण घालून द्यायला पाहिजे, असं मला तेव्हा फार वाटायचं.

डॉक्टरांनी मला पाठमोरं उभं केलं आणि ते थांबले. मग पिशवीतून कोंबडीचं एक पीस काढलं.

"मास्तर, डोळे मिटा. पीस लागलं की बोटानं जागा दाखवा."

मी खांदा दाखवला. मान दाखवली. मग बराच वेळ काही लागलंच नाही. मला वाटलं, डॉक्टर काही लिहीत असतील. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, ते कवाचे पीस फिरवून राह्यले. तुम्ही दाखवून काऊन नाई राह्यले?"

वर्ग हसला. डॉक्टर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "शर्ट घाला. संध्याकाळी बंगल्यावर या."

संध्याकाळी त्यांनी माझ्या कोपरामागची शीर चाचपली. ती सुतळीसारखी जाड झाली होती. डाव्या हाताची दोन बोटं आणि उजव्या पायाचा तळवा बधिर होता, हे मला तिथे कळलं. एवढे दिवस मी तो पाय घेऊन हिंडत होतो. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, कुष्ठरोग. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात. ते नाव घेताना लोक आवाज खाली आणतात, मीही आणायचो.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यांनी आतला रस तपासायला पाठवला. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "तुमचा रोग दुसऱ्याला लागणारा नाही. गोळ्या आहेत आता. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण बरं होता येतं."

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, मास्तर आहे म्हणून गोड बोलतात.

एक वर्षाची मुदत

शाळेच्या कमिटीनं मला बोलावलं. कोणी वाईट बोललं नाही. एका खुर्चीत मला बसवलं, आणि ती खुर्ची इतरांपासून जरा दूर ठेवलेली होती. बिनपगारी एक वर्ष रजा मिळाली. पुढच्या जूनमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, की औषध नीट चालू आहे आणि अंगावर कुठे उघडी जखम नाही. आणली तर जागा माझी. नाही आणली तर दुसरा मास्तर नेमणार.

त्या एका कागदावर सगळं अडकलं. बाप आंधळा, दोन भाऊ लहान, बहीण उजवायची. आमच्या घरात महिन्याला पगार आणणारा मी पहिला होतो आणि एकटाच होतो.

पाळत

मी गावी परतलो आणि पाळत ठेवायला लागलो. दुसरा शब्द नाही. सकाळपासून मला एकच काम होतं, कोण माझ्याशी कसं वागतं ते बघणं.

न्हावी दोन वेळा आला नाही. त्याची बैलबंडी मोडली होती म्हणे. विहिरीवर बाया मला पाहून गप्प व्हायच्या. माझी बायको भागिरथा माझं धोतर वेगळं धुवायची. मी विचारलं नाही. मनात नोंद केली. माझ्या हातून सुपारी घेताना शेजारच्या पांडूभाऊंनी ती दोन बोटांच्या चिमटीत उचलली, याचीही नोंद केली. आधी ते कशी उचलत होते ते मला आठवेना. पण नोंद केली.

भागिरथा एकदा म्हणाली, "तुमी असे टक लावून काऊन पाहता जी? मले तर धाकच वाटते."

"कसला धाक?"

"पोलीस घरात ठेवल्यासारखं होते."

मला वाटलं, धाक रोगाचा आहे, नाव माझ्या डोळ्यांचं घेते.

गोळ्या घेत होतो, पायाला मलम चोळत होतो, पण गोळ्यांवरही माझा संशय होता. गोळी पांढरी, एवढीशी. एवढ्याशा गोळीनं एवढा रोग कसा जाईल? गावातला वैदू म्हणाला, "सरकारी गोळी आतून जाळते." मी तिकडेही गेलो नाही. माझा त्याच्यावरही विश्वास नव्हता. एवढाच माझ्या संशयी स्वभावाचा त्या महिन्यांतला फायदा.

पळसाचं पान

आता जे सांगतो त्याची मला लाज आहे.

आमच्या भागात पानावरचं जेवण दोन प्रकारचं. लग्नात, तेरवीत सगळी पंगतच पळसाच्या पत्रावळीवर जेवते, त्यात मान आहे. पण एरवी घरात ज्याच्या पुढे पान मांडतात, त्याचं भांडं घरात धुवायचं नसतं, असा त्याचा अर्थ. नागपूरला शिकत असताना एका वर्गमित्रानं मला घरी जेवायला नेलं होतं. आत सगळे ताटांवर बसले, मला ओसरीवर पान दिलं. मी जेवलो. भूक होती. पण ते पान मी विसरलो नाही. पहिल्या पगारात मी काशाची थाळी आणली आणि मायला म्हटलं, मी या थाळीतच जेवीन.

पौषातल्या एका सकाळी माझ्यापुढे थाळी आली नाही. पळसाच्या पत्रावळीवर भात आला, लाखोळीची डाळ आली, आणि माय खाली बघत वाढत राहिली.

मी म्हटलं, "थाळी कुठी आहे?"

"ठेवली हाये. जेव."

"काऊन ठेवली?"

"जेव ना बाबू. भात थंडा होऊन राह्यला."

मी पान तसंच टाकून उठलो. आयुष्यात मायनं वाढलेलं मी पहिल्यांदा टाकलं. गोळ्यांचा डबा, दोन धोतरं, एक घोंगडी घेतली. नागपूरहून आणलेले कातडी जोडे पायात चढवले. ते मला जरा घट्टच होते, पण हाकलून दिलेला माणूस अनवाणी जात नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. कोणी हाकललं नव्हतं. भागिरथा दारात उभी होती. ती म्हणाली, "आयका जी, मायले इचारा तर." मी विचारलं नाही.

नदीपर्यंत चाललो. डोंग्यातून पलीकडे गेलो. तिथून धानाच्या बांध्यांवरून आणि मग सडकेनं, रगतपितीच्या रोग्यांसाठी असलेल्या दवाखान्यापर्यंत. दुपार टळून गेली होती. आठ कोस झाले असतील. वाटेत एकदाही बसलो नाही. मला माझ्या पायांचा अभिमान वाटला, की बघा, एवढं चाललो आणि काही दुखत नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर जोडा काढायला गेलो तर निघेना. तिथला मलमपट्टी करणारा माणूस आला. राजन्ना त्याचं नाव. सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, स्वतः याच रोगातून उठलेला. त्याच्या एका पायाला बोटं नव्हती. त्यानं जोडा ओढला. आत रक्त साचून वाळलं होतं. टाचेकडचा एक खिळा वर आला होता आणि आठ कोस माझ्या तळव्यात ठोकला जात होता.

राजन्नानं जोड्यात बोट घालून खिळा चाचपला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तरगारू, किती शिकले तुमी?"

"बी.ए."

"बरं झालं. मॅट्रिक असते तर पाय घरीच इसरून आले असते."

दवाखाना

दवाखान्याच्या डॉक्टरांनी जखम धुऊन बघितली. मी विचारलं, "जूनपर्यंत भरेल का?"

"भरेलही. हाडापर्यंत गेली असेल तर नाही भरणार. पाय टेकवायचा नाही. हे तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही."

जून पाच महिन्यांवर होता.

तिथला दिवस असा. सकाळी भोंगा वाजायचा. मग ओट्यावर ओळीनं बसायचं, पाय घमेल्यात पाण्यात सोडायचे, चांगले अर्धा तास. मग जाड झालेली कातडी खापरीनं घासून काढायची. मग तेल. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल, ते स्वस्त. मग आरसा घेऊन तळवा बघायचा. आरसा एकच होता, तडकलेला, तो हातोहात फिरायचा. गोळी राजन्नासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. त्याचा कोणावर भरवसा नव्हता. यात आमचं दोघांचं जमलं.

माझ्या जखमेची पट्टी रोज सोडली जायची. एकदा मी म्हटलं, "दुखलं असतं तर बरं झालं असतं."

राजन्ना म्हणाला, "दुखणं म्हंजे घरचा कुत्रा. भुंकते म्हणून शिव्या देतो आपण. तो मेला की चोर येते."

एकदा चांद्याहून एक भले गृहस्थ व्याख्यान द्यायला आले. आम्हाला अंगणात बसवलं. त्यांनी सांगितलं की सुख मनात असतं, रोज सकाळी उठून हसावं, कोणाबद्दल मनात किंतू ठेवू नये, मग शरीरही सुधारतं. फळं वाटली. फळं चांगली होती. पण मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी केळी टोपलीतून आम्हाला घ्यायला लावली, हातात दिली नाहीत. माझ्या बाजूला एक म्हातारी गोंडीण बसली होती. ती केळं सोलत म्हणाली, "हा मानूस घरी जाऊन आंघोळ करते आज." मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो. तेव्हा त्या गृहस्थांना वाटलं, व्याख्यान लागू पडलं.

त्या दिवसापासून सुखाचे सोपे उपाय सांगणाऱ्यांविषयी मला शंका आहे. आता मीच तसं लिहितो आहे, तेव्हा माझ्याविषयीही वाचणाऱ्यानं ती ठेवावी.

माय आली

तिसऱ्या आठवड्यात माय आली. धाकट्या भावाच्या सोबतीनं बंडीत बसून. हातात फडक्यात बांधलेला पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा. तो पाहूनच माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "इथीही पान आणलंस? इथं सगळे रोगीच आहेत. इथं थाळी चालते."

माय ओट्यावर बसली. दम खाल्ला. मग म्हणाली, "हात दाखव. डावा."

मी दाखवला. बधिर बोटांच्या पेरांवर दोन वण होते.

"हे काय हाये?"

"दोर ओढताना घासलं असेल."

"कोणता दोर ओढलास तू?" माय म्हणाली. "तू पेज पेत होतास. थाळी हातावर घेऊन. काशाची थाळी ते, चुलीवरून उतरवलेली पेज. मले पदरातून चटका लागला तं मी हात काढून घेतला. अन् तू पेत बसलास. बोटाची कातडी वर आली तरी पेत बसलास. मी पाह्यलं."

मी उजव्या हातानं ती पेरं चाचपली.

"त्या दिवसापासून घरात पेज नाई केली. पेजेले थाळी लागते. भात केला, भाताले पान चालते. पानानं चटका नाई बसत."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगू? तुह्या बोटाले समजत नाई म्हणून? तू बी.ए. हायेस. मी तुले काय समजावू? तू इचारशीन असं वाटलं. तू नाई इचारलं."

"तुम्ही सगळे थाळीत जेवत होतात."

मायनं माझ्याकडे पाहिलं, लहान असताना दूध सांडलं की पाहायची तसं. "कोण थाळीत जेवत होतं? भागी पानावर, तुहा बाप पानावर, मी पानावर. तुले एकट्याले पान मांडलं तं तुले वाईट वाटन, म्हणून सगळ्याइले मांडलं. सारी पत्रावळ मी शिवली. तू मान वर करून पाह्यलं का?"

मी खरंच पाहिलं नव्हतं. न्हाव्यापासून सुपारीपर्यंत सगळं टिपणाऱ्या माणसानं शेजारचं पान पाहिलं नव्हतं. सण नसताना पानावर भात आला, तो कुठून आला, हेही नाही. नंतर भावानं सांगितलं, माय दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला जात होती आणि मजुरी धानात घेत होती.

राजन्ना पट्टी गुंडाळत सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "माय, या मास्तराले घरी नेऊ नका इतक्यात. याचा पाय अन् डोकं, दोन्ही बधिर हाये. पाय आमी बरा करतो."

माय हसली. मग रडली. मी रडलो की नाही ते लिहीत नाही.

त्यानंतर जे करतो ते

रोगी लोक मला पत्रं पाठवतात, मास्तर, तुम्ही कसं निभावलं. म्हणून लिहितो.

माझा संशय गेला नाही. जातही नसतो. आणि तो सगळा खोटाही नव्हता. न्हावी खरंच टाळत होता. शाळेतल्या एका सोबत्यानं कमिटीला माझ्याविरुद्ध अर्ज केला होता, तोही मला नंतर बघायला मिळाला. पण धोतराचं विचारलं तेव्हा भागिरथा म्हणाली, त्याला मलमाचे डाग पडायचे, वेगळं उकळल्याशिवाय निघत नव्हते. तेव्हा मी हिशेब एवढाच लावला: माणसाला तोंड आहे, त्याला विचारता येतं. माझ्या पायाला तोंड नाही, त्याच्यावर संशय धरावा. मी तोच संशय घरच्यांवरून काढला आणि पायावर ठेवला.

रोज दिवस मावळायच्या आत पाय पाण्यात, मग तेल, मग आरसा. जोडा घालण्याआधी आत हात घालून चाचपणं, तोही उजवा, ज्याला समजतं तो. गरम भांडं कापडानं धरणं. एकदम कोसभर न चालणं. यात काही मोठं नाही. कंटाळा येतो. बरं वाटत असलं की जास्त येतो, आणि तेव्हाच चूक होते.

मनात शंका आली की त्याच दिवशी तोंडानं विचारायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. सुरुवातीला फार अवघड गेलं. भागिरथानं मला एकदा सांगितलं, "तुमी आता लय इचारता जी. डोकं दुखते. पण पोलिसापेक्षा बरं."

आणि एक. दवाखान्यात पाय वर करून पडलो होतो तेव्हा मला वाटायचं, मी निकामी झालो. तिथे सत्तर-ऐंशी माणसं होती. बहुतेकांना घरून आलेली चिठ्ठी वाचता येत नव्हती. मी वाचून दाखवायला लागलो, मग उत्तरं लिहायला लागलो, मग अक्षरं शिकवायला. ती म्हातारी गोंडीण आपलं नाव लिहायला शिकली. आधी म्हणाली, "लिहून काय करू, मले कोण चिठ्ठी धाडते?" मग तिनं ते भिंतीवर कोळशानं सगळीकडे लिहिलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. मी त्या दिवशी सुखी होतो का? असेन. तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं, काम होतं. हसून सुख आणण्यापेक्षा हे मला जास्त खात्रीचं वाटतं.

जून

एप्रिलमध्ये जखमेचं तोंड मिटत आलं. मेच्या सुरुवातीला ते पुन्हा उघडलं, कारण मी विहिरीपर्यंत चालत गेलो होतो आणि मोठ्या प्रौढीनं बादली भरून आणली होती. राजन्नानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग मी काठ्यांवर राहिलो, एक पाय अधांतरी. बाकीचे मला बगळा म्हणायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी आरसा घेतला, तळवा उजेडाकडे धरला, बोटानं दाबलं, खूप वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता येईना. मनात दहा गोष्टी आल्या. मी विचारलं, "काय दिसतं?"

"कातडी दिसते," ते म्हणाले आणि कागद ओढला.

चिठ्ठी घेऊन कमिटीपुढे गेलो. दोघांनी हरकत घेतली. हेडमास्तरांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, दोनदा. मला रुजू करून घेतलं आणि आठवीचा वर्ग दिला. त्या वर्षी तीन मुलांच्या बापांनी मुलं दुसऱ्या तुकडीत हलवली. त्यांतली दोन पुढच्या वर्षी आपणहून परत आली.

याला आता तीन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. डाग फिका पडला, डाव्या हाताची दोन बोटं जरा वाकडी राहिली, पाय बधिर आहे तो आहे. त्याला दुसरी जखम झालेली नाही. बहिणीचं लग्न झालं, धाकटा भाऊ या वर्षी मॅट्रिकला बसतो आहे. मी नोकरीत कायम झालो आहे आणि रोज उभं राहून पाच तास शिकवतो.